थायरॉइडची गोळी नव्याने सुरू झालीय? डोस बसेपर्यंत काय काय सांभाळायचं

रक्ताच्या रिपोर्टमध्ये टीएसएचचा आकडा जाड अक्षरात छापून येतो, डॉक्टर ‘थायरॉइड कमी काम करतंय’ म्हणतात आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या एका बारीक गोळीची चिठ्ठी हातात पडते. मी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ही चिठ्ठी घेऊन पहिल्यांदा येणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात: गोळीनंतर चहा कधी घ्यायचा, शेजारच्या काकूंना १०० आणि मला २५ का, ही आता जन्मभर घ्यायची का. ओपीडीत गर्दी असते, त्यामुळे हे सगळं तिथे विचारायचं राहून जातं.

किती मायक्रोग्रॅम घ्यायचं ते डॉक्टर ठरवतात आणि त्यांनीच ठरवावं. तो डोस अंगी लागतो की नाही, हे मात्र बरंचसं घरात ठरतं. ज्यांचा टीएसएच सारखा वरखाली होत असतो, त्यांच्याशी पाच मिनिटं नीट बोललं की पुष्कळदा लक्षात येतं, डोस ठीकच होता, गोळी घेण्याची पद्धत बिघडली होती. म्हणून या लेखात मी त्या पद्धतीवर जास्त थांबणार आहे.

आधी रिपोर्ट समजून घ्या

थायरॉइड ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला असते. ती मुख्यतः टी४ आणि थोडं टी३ ही हार्मोन्स तयार करते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तिच्यावर मुकादमासारखी नजर ठेवून असते. हार्मोन कमी पडलं की मुकादम आवाज चढवतो, आणि तो चढलेला आवाज म्हणजे पिट्युटरीने सोडलेलं टीएसएच हे हार्मोन वाढणं. टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइड कमी, हे उलटं नातं पहिल्यांदा डोक्यात पक्कं करा. पुढचे सगळे रिपोर्ट मग सोपे जातात.

टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ असते. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी, ती रिपोर्टवर आकड्याशेजारीच छापलेली असते. वय वाढेल तसा टीएसएच थोडा वर सरकतो, त्यामुळे पंचाहत्तरीच्या आजोबांचा ५.५ आणि पंचविशीतल्या मुलीचा ५.५ यांचा अर्थ एक नाही. आकडा १० च्या वर असेल तर बहुतेक वेळा औषध सुरू होतं. ४.५ ते १० च्या मधे असून फ्री टी४ (रक्तात मोकळं फिरणारं टी४) व्यवस्थित असेल, तर त्याला सबक्लिनिकल, म्हणजे सौम्य कमतरता, म्हणतात. अशा वेळी डॉक्टर लक्षणं, वय, गरोदरपणाचा विचार आहे का, अँटी-टीपीओ ही थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी चाचणी काय सांगते, हे सगळं बघतात आणि पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगतात. मोठ्या आजारातून उठल्यावर काही आठवडे टीएसएच तात्पुरता वाढलेला सापडू शकतो. डॉक्टर ‘थोडं थांबून परत बघू’ म्हणाले तर ती टाळाटाळ समजू नका.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: माझा थायरॉइड कशामुळे कमी झालाय? सर्वांत जास्त आढळणारं कारण हाशिमोटो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणं. जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. ऑपरेशन करून ग्रंथी काढलेली असणं, रेडिओ-आयोडिन घेतलेलं असणं, लिथियम किंवा अमिओडॅरोन यांसारखी औषधं चालू असणं, ही आणखी काही कारणं. बाळंतपणानंतर पहिल्या वर्षात झालेला थायरॉइडचा बिघाड मात्र कित्येकदा तात्पुरता असतो, तिथे काही महिन्यांनी गोळी कमी करून बघता येते. दोष पिट्युटरीतच असेल तर टीएसएचवर भरवसा ठेवता येत नाही, फ्री टी४ वर डोस चालतो. कारण माहीत असलं की पुढची वाट कळते.

‘जन्मभर’ या शब्दाला घाबरू नका

चिठ्ठीवर लेव्होथायरॉक्सिन किंवा थायरॉक्सिन सोडियम असं नाव दिसेल. हे टी४च आहे, आपली ग्रंथी जे बनवते तोच रेणू. शरीर त्यातून गरजेप्रमाणे टी३ बनवून घेतं. त्यामुळे ‘गोळीची सवय लागते’ ही भीती निराधार आहे. जे कमी पडलंय तेवढंच आपण भरून काढतो. गोळी बंद केल्यावर त्रास परत येतो, कारण मुळातली कमतरता जागेवरच असते.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी १८९१ मध्ये थायरॉइड पार निकामी झालेल्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचायला सुरुवात केली. पुढे त्या तोच अर्क पोटातून घेत राहिल्या आणि आणखी २८ वर्षं जगल्या. त्या काळी हा आजार बरा न होणारा मानला जात होता. आज आपल्या हातात मायक्रोग्रॅममध्ये मोजलेली शुद्ध गोळी आहे आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तिचा समावेश आहे. रोज एक गोळी घेऊन माणूस इतरांसारखंच आयुष्य जगतो, हे मी दुकानात येणाऱ्या नव्या माणसाला आवर्जून सांगते.

डोस कसा ठरतो

ग्रंथी पूर्ण बंद पडली असेल किंवा काढून टाकली असेल, तर मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात. ६० किलोच्या बाईंना या हिशोबाने ९६, म्हणजे १०० च्या आसपास. ग्रंथी थोडीफार काम करत असेल तर वरचा खड्डा २५ किंवा ५० मध्येही भरतो. वय जास्त असेल किंवा हृदयाचं दुखणं असेल, तर डॉक्टर १२.५ किंवा २५ पासून सुरुवात करतात आणि हळूहळू चढवतात, कारण हार्मोन वाढलं की हृदयाचं काम वाढतं आणि ते एकदम वाढलेलं अशा हृदयाला झेपत नाही. तेव्हा शेजारच्या काकूंशी तुलना करून काही हाती लागत नाही. मोठा आकडा म्हणजे मोठा आजार असंही नाही.

इथे एका गोष्टीवर मला थांबायचंय, कारण काउंटरवर मला तिची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. ही गोळी १२.५ मध्ये मिळते आणि १२५ मध्येही मिळते. चिठ्ठीवर घाईत लिहिलेलं दशांशचिन्ह पुसट झालं की साडेबाराचे सव्वाशे होतात, दहापट. साठीच्या पुढच्या हृदयरोग्याला ही चूक फार महागात पडू शकते. म्हणून डॉक्टरांसमोरच आकडा तोंडाने वाचून घ्या: ‘डॉक्टर, साडेबारा ना?’ दुकानात गोळी घेताना तोच शब्द पुन्हा म्हणा आणि बाटलीवरचा आकडा स्वतः बघा. काही चिठ्ठ्यांवर मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. ०.०५ मिलिग्रॅम म्हणजे ५० मायक्रोग्रॅम, ०.१ मिलिग्रॅम म्हणजे १००. काही घोळ वाटला तर गोळी घेण्याआधी फोन करून विचारा. फार्मासिस्टला असं विचारल्याचा राग येत नाही.

सकाळची गोळी आणि सकाळचा चहा

रिकाम्या पोटी घेतली तरी ही गोळी पूर्ण शोषली जात नाही, साधारण ६० ते ८० टक्केच अंगात जाते. पोटात अन्न असेल तर त्याहून कमी. नियम असा: उठल्या उठल्या फक्त साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि त्यानंतर अर्धा तास, जमलं तर तासभर, दुसरं काही पोटात जाऊ द्यायचं नाही.

‘दुसरं काही’ यात आपल्या घरातल्या पुष्कळ गोष्टी येतात. दुधाचा चहा आणि कॉफी तर आहेतच. मेथीचं पाणी, लिंबू-मध, भिजवलेले बदाम, काढा, इसबगोल, रात्री तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी पिऊन लगेच त्यावर घेतलेला आवळ्याचा रस, हे सगळं अर्ध्या-एक तासानंतर. ‘मी तर उपाशीपोटीच घेते’ असं सांगणारी माणसं या गोष्टी मोजतच नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते खाणं नसतं. गोळीच्या दृष्टीने ते पोट भरलेलंच असतं.

माझ्या अनुभवात टिकणारी व्यवस्था ही: बाटली आणि झाकलेलं भांडंभर पाणी उशाशी ठेवायचं. जाग आली की गोळी घ्यायची, मग तोंड धुणं, अंघोळ, मुलांचे डबे. डबे होईतो अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि चहा आपोआप योग्य वेळेला पडतो. गजर लावून चहाची वाट बघत बसणारी माणसं आठवड्याभरात कंटाळतात.

सकाळ जमतच नसेल, तर रात्री झोपताना, जेवण होऊन तीन तास झाल्यावर गोळी घेता येते. रात्रीची गोळीही सकाळच्या गोळीइतकीच लागू पडते असं अभ्यासांत दिसलेलं आहे. आपल्याकडे साडेनऊला जेवून साडेदहाला आडवं व्हायची पद्धत असते आणि वर हळदीचं दूध, त्या घरात हे गणित बसत नाही. साडेसात-आठला जेवणाऱ्यांना छान बसतं. रात्रपाळीवाल्यांनी घड्याळाकडे न बघता आपली झोप धरावी: झोपून उठल्यावरची पहिली गोष्ट गोळी.

कुठलीही वेळ धरा, ती रोज तीच ठेवा. आज पाण्याबरोबर, उद्या चहाबरोबर, परवा नाश्त्यानंतर असं झालं, तर दर दिवशी अंगात जाणारं औषध वेगळं असतं आणि कुठल्याच डॉक्टरला त्यावरून डोस ठरवता येत नाही.

उपवासाच्या दिवशी गोळी चुकवू नका. पाण्याच्या घोटाबरोबर घेतलेल्या औषधाने एकादशी मोडत नाही असंच बहुतेक घरांत मानतात. तरी मनात शंका असेल तर घरातल्या मोठ्यांशी आधी बोलून घ्या. रमजानमध्ये सहरीच्या अर्धा-एक तास आधी उठून, किंवा इफ्तारचं जेवण होऊन तीन तास झाल्यावर झोपताना घेता येते. यातलं एक निवडून महिनाभर तेच पाळा.

कुठल्या औषधांपासून दूर ठेवायची

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतात, शोषू देत नाहीत. मधे चार तासांचं अंतर हवं. मल्टीव्हिटॅमिनमध्येही बहुतेक वेळा लोह किंवा कॅल्शियम असतं, म्हणून तोच नियम. मी सोपी मांडणी सुचवते: थायरॉइड पहाटे, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, लोह संध्याकाळी. लोह आणि कॅल्शियमही एकमेकांपासून लांब राहिलेले बरे, त्यामुळे ही वाटणी दोन्हीकडून सोयीची पडते.

ॲसिडिटीचं पातळ औषध, सुक्राल्फेट, कोलेस्टायरॅमिन यांनाही चार तास लांब ठेवायचं. पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल यांची गोष्ट निराळी. त्याही गोळ्या सकाळी उपाशीपोटीच घ्यायला सांगितलेल्या असतात आणि लोक दोन्ही गोळ्या एका घोटात घेऊन टाकतात. यांच्यामुळे पोटातलं आम्ल कमी होतं आणि थायरॉक्सिनची गोळी नीट विरघळत नाही. हा परिणाम दिवसभर टिकतो, म्हणून नुसतं अंतर ठेवून प्रश्न सुटत नाही. अशी गोळी रोज घ्यायची वेळ आली किंवा ती बंद झाली, तर डॉक्टरांना सांगा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघा. आणि वर्षानुवर्षं कुणी न विचारता ॲसिडिटीची गोळी चालूच असेल, तर ‘ही अजून लागते का’ हा प्रश्नही त्याच भेटीत विचारून टाका.

सोयाबीनच्या वड्या, सोया दूध गोळीच्या जवळपासच्या वेळेत नकोत, इतर वेळी रोजच्या प्रमाणात चालतात. कोबी-फ्लॉवर सोडायची गरज नाही. शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने काही बिघडत नाही. आयोडिनयुक्त मीठ नेहमीसारखं वापरा. समुद्री शेवाळाच्या किंवा आयोडिनच्या जास्तीच्या गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ नका. हाशिमोटोमध्ये त्याने उलट त्रास वाढू शकतो.

मग सहा आठवडे थांबायचं

टी४ रक्तात फार सावकाश कमी होतं. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे नवा डोस रक्तात स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि टीएसएच त्याच्याही मागून हलतो. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करायची, ती याच कारणासाठी. दहाव्या दिवशी केलेल्या रिपोर्टमधून काही कळत नाही, उलट त्या अर्धवट आकड्यावर डोस बदलला तर सगळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. या सहा आठवड्यांत ब्रँड बदलू नका, वेळ बदलू नका, नवीन पूरक गोळ्या सुरू करू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशामुळे काय झालं ते कळतं.

तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यानंतर गोळी घ्या. गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी४ चढलेलं दिसतं. टीएसएच दिवसभरात वरखाली होतो, पहाटे जास्त असतो आणि दुपारकडे उतरतो. म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळेला आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये रक्त द्या.

आता केसांच्या गोळ्यांबद्दल. थायरॉइड कमी झाला की केस गळतात, केस गळले की माणूस बायोटिनची गोळी सुरू करतो, आणि बायोटिन काही लॅब मशीनच्या तपासणीत ढवळाढवळ करतं. टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी४ खोटं जास्त दिसतं. तो रिपोर्ट बघून डोस कमी होतो आणि मुळातच कमतरता असलेल्या माणसाची कमतरता आणखी वाढते. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा. जास्त मात्रेचं असेल तर किती दिवस, ते डॉक्टरांना किंवा लॅबला विचारा. ‘हेअर, स्किन, नेल्स’ असं लिहिलेल्या गमीज आणि पावडरींमध्येही ते असतं, डब्यामागची यादी वाचा.

आकडा जागेवर आला की सहा महिन्यांनी एकदा आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी पुरते.

बरं वाटायला किती दिवस लागतील? मरगळ, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ हे दोन-तीन आठवड्यांत हलायला लागतं. कोरडी त्वचा आणि केस यांना काही महिने द्यावे लागतात. वजनाबद्दल मी स्पष्टच सांगते, कारण त्यावरून फार निराशा होते: थायरॉइड कमी झाल्याने वाढलेलं वजन बहुतेकांत काही किलोच असतं आणि त्यातही बराचसा भाग अंगात साठलेल्या पाण्या-मिठाचा. तेवढं उतरेल. बाकीचं वजन गोळी उतरवणार नाही. आणि वजनासाठी म्हणून डोस वाढवून घेणं हा धोक्याचा खेळ आहे.

टीएसएच व्यवस्थित असूनही थकवा जात नसेल तर हिमोग्लोबिन, बी१२, डी जीवनसत्त्व, साखर यांच्या तपासण्यांबद्दल विचारा. झोपेत घोरणं, श्वास अडकणं, मन उदास राहणं याबद्दलही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. दुखणं दुसरीकडे असेल तर २५ मायक्रोग्रॅम वाढवून ते जात नाही.

गोळी चुकली तर

त्याच दिवशी आठवलं आणि पोट रिकामं असेल तर घ्या. दुसऱ्याच दिवशी आठवलं तर नेहमीची गोळी घेऊन पुढे चला. औषध रक्तात बरेच दिवस टिकतं, त्यामुळे एका दिवसाने काही बिघडत नाही. दोन गोळ्या एकदम घ्यायच्या का हे स्वतः ठरवू नका, विशेषतः वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर. आठवड्यात दोन-तीनदा चुकत असेल तर ते दडवू नका. डॉक्टरांना माहीत नसेल तर टीएसएच वाढलेला बघून ते डोस वाढवतील, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही नेमाने घ्यायला लागलात की तोच डोस जास्त होईल.

जास्त झाल्याची खूण

छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, झोप न लागणं, पातळ शौचाला होणं, कारण नसताना वजन उतरणं, चिडचिड. टीएसएच बराच खाली, विशेषतः ०.१ च्या खाली, दीर्घकाळ राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो आणि हाडं विरळ होतात. पाळी गेलेल्या बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना हे जास्त बाधतं. थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या काहींचा टीएसएच डॉक्टर मुद्दाम खाली ठेवतात, त्यांनी इतरांचे आकडे लावून घेऊ नयेत. गोळी सुरू झाल्यावर छातीत दुखलं किंवा धाप लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

याच्या उलट टोकही लक्षात असू द्या. बरेच महिने गोळी सोडलेलं वयस्क माणूस गुंगीत जायला लागलं, अंग थंड पडलं, बोलणं जड झालं, तर ते म्हातारपण समजून घरी झोपवून ठेवू नका. ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

बसलेला डोस पुन्हा कधी हलतो

गरोदरपण हा यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग. पहिले काही महिने बाळाची स्वतःची थायरॉइड तयार नसते, त्याच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारं हार्मोन आईकडूनच जातं. आईची गरज २५ ते ३० टक्क्यांनी वाढते आणि ती अगदी पहिल्या आठवड्यांत वाढते, पहिल्या सोनोग्राफीच्या तारखेपर्यंत थांबत नाही. ‘दिवस गेलेत, आता औषधं बंद कर’ असा सल्ला घरातून प्रेमाने दिला जातो. थायरॉइडच्या गोळीला तो लागू नाही. ही गोळी बाळासाठीच हवी असते.

म्हणून मूल हवं असं ठरलं की आधीच डॉक्टरांना भेटा, टीएसएच २.५ च्या खाली आणून घ्या आणि चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर त्याच दिवसापासून काय करायचं ते लिहून घ्या. आधीपासून गोळी चालू असलेल्या बायकांना पुष्कळ डॉक्टर आठवड्याला दोन गोळ्या जास्त, म्हणजे सातच्या जागी नऊ, घ्यायला सांगून ठेवतात आणि लगेच रक्त तपासायला बोलावतात. पुढे गरोदरपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी आणि तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा टीएसएच बघतात. बाळंत झाल्यावर डोस पूर्वीवर येतो आणि सहा आठवड्यांनी तपासणी होते. अंगावर पाजताना ही गोळी चालते. बाळाची टाचेच्या रक्तावरची थायरॉइडची तपासणी झाली का, हे हॉस्पिटलमधून निघताना विचारा. जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत औषध मिळालं तर पुढचं फार मोठं नुकसान टळतं.

बाकीचे प्रसंग थोडक्यात: इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक किंवा पाळी गेल्यानंतरच्या गोळ्या सुरू होणं, टीबीसाठी रिफाम्पिसिन, फिट्ससाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन, वजनात मोठा फरक, सिलिॲकसारखे आतड्याचे आजार. यातलं काहीही सुरू झालं किंवा थांबलं की ‘मला थायरॉइडची गोळी चालू आहे’ हे समोरच्या डॉक्टरला आपणहून सांगायचं.

बाटली, ब्रँड आणि पावसाळा

थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स अशी नावं आपल्याकडे ओळखीची आहेत, आत औषध तेच. तरी दर महिन्याला वेगळी कंपनी नको, कारण गोळ्यांच्या शोषणात थोडा फरक असू शकतो आणि या औषधात थोडाही फरक आकड्यात उमटतो. स्वस्त पर्याय घ्यायचा असेल तर जरूर घ्या, तोच कायम ठेवा, आणि बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी एकदा तपासा.

ही गोळी दमट हवेत, उन्हात, उष्णतेत खराब होते. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने तिला जड जातात. बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका, झाकण लगेच घट्ट लावा, गॅसजवळच्या फळीवर आणि बाथरूमच्या कपाटात बाटली ठेवू नका. कागदाच्या पुडीत सुट्या बांधून दिलेल्या गोळ्या घेऊ नका, त्यावर ना आकडा असतो ना मुदत.

एक दिवस ५० आणि एक दिवस ७५ असा आलटून-पालटून डोस दिला असेल, तर दोन बाटल्यांच्या झाकणांवर मोठे आकडे चिकटवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिन्याचे दिवस आधीच लिहून ठेवा. वारांप्रमाणे वाटून दिला असेल तर आणखी सोपं. आठवडाभर पुरतील एवढ्या गोळ्या उरल्या की नवी बाटली आणा.

मुलांकडे परदेशी जात असाल तर पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा. तिथल्या सकाळी नेहमीसारखी गोळी घ्या, काही तासांच्या फरकाने काही होत नाही. अमेरिकेत या गोळ्यांचे रंग डोसप्रमाणे ठरलेले आहेत, ५० ची पांढरी, १०० ची पिवळी. आपल्याकडे रंग कंपनीप्रमाणे बदलतो. त्यामुळे रंगावरून गोळी ओळखायची सवय लावू नका, दोन्हीकडे आकडा वाचा. ब्रिटनमधल्या रिपोर्टवर फ्री टी४ वेगळ्या एककात असतं, तिथला १५ आणि इथला १.२ जवळपास सारखेच. आकडा मोठा दिसला म्हणून घाबरून डोस कमी करू नका, शेजारी छापलेली मर्यादा बघा.

डॉक्टरांकडे जाताना बाटलीच सोबत न्या, ‘ती पांढरी गोळी’ असं सांगून भागत नाही. वहीच्या एका पानावर तारीख, डोस, ब्रँड, टीएसएच आणि त्या वेळचं वजन अशा ओळी लिहीत जा, त्याच पानावर चालू असलेल्या बाकी सगळ्या गोळ्यांची नावंही असू द्या, अगदी केसांच्या आणि ॲसिडिटीच्यासुद्धा.